तिसऱ्या ओळीचं काम

धवला म्हणायला काय लागतं, असं मला लोक विचारतात. भक्ती लागत असेल असं त्यांना वाटतं. भक्ती लागत नाही. घसा लागतो, आणि गावातल्या माणसांची नावं पाठ लागतात: कोण कोणाचा कोण, कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही. हे ज्या बाईला ठाऊक नाही तिने नुसता गोड आवाज घेऊन मांडवात बसू नये. तिचे हाल होतात.

मी शिरवण्याची धवलारीण. शाळा चौथीपर्यंत. ज्यांना आमच्या आगरी लग्नातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लग्नाचा प्रत्येक विधी गाण्यावर चालतो. मांडव घालायचा, देव बोलवायचे, हळद लावायची, सगळ्याला धवला. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी असतो, नाही असं नाही. तो मुहूर्ताला येतो, घड्याळ बघतो आणि जातो. आम्ही दोन दिवस चटईवर बसून असतो. आम्ही म्हणजे मी आणि हिराबाय. मी पुढची, ती मागची. मी ओळ टाकायची, तीच ओळ तिने पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ मी द्यायची. पहिल्या ओळीत विचारायचं आणि तिसऱ्या ओळीत सांगायचं. उदाहरणार्थ,

मांडवाच्या दारी गो कोन कोन आयला,
मांडवाच्या दारी गो कोन कोन आयला,
उरनचा मामा आयला, तांदूल घेवून आयला.

एवढंच. असं रात्रंदिवस म्हणा.

पहिल्या दोन ओळी आईकडून मुलीला मिळतात. तिसरी मिळत नाही. ती त्या घरात बसून, समोर बघून करावी लागते, कारण प्रत्येक घरचा मामा वेगळा. हल्लीच्या पोरी माझ्याकडे वही घेऊन येतात. म्हणतात, आत्या, सांगा, लिहून घेतो. मी सांगते, त्या लिहितात, आणि वहीत तिसऱ्या ओळीच्या जागी टिंबं टिंबं राहतात. मग त्या विचारतात, इथे काय लिहू? मी म्हणते, तिथे लग्न लिही.

धवल्यात बोलावण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी देव, मग घरातले मेलेले, मग जिवंत. आणि एक नियम आहे, तो मोडत नाही. ज्याचं नाव धवल्यात आलं तो बोलावला गेला. पत्रिका गेली नसेल, भांडण असेल, काही असेल. नाव आलं की पाट मांडायचा. आलेलं नाव परत घेता येत नाही.

या नियमाने मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं. एकाच दिवशी दोन घरच्या हळदी होत्या. दुपारपर्यंत एक उरकून मी दुसरीकडे बसले. डोकं तापलेलं. मेलेल्यांची नावं घेताना मी नवऱ्यामुलाच्या चुलत आजोबांचं नाव घेऊन टाकलं. तुकारामबाबा समोरच खांबाला टेकून विडी ओढत बसले होते.

"मी हाय गो अजून!" बाबा ओरडले.

"माफ करा बाबा," मी म्हटलं, "पन आता तुमी आयलाव तिकडून."

मांडवात हसून हसून बायका आडव्या. पण नियम तो नियम. पितरांचं पान वाढलं तेव्हा बाबांच्या नावाचं एक वाढावं लागलं, आणि जिवंत माणूस म्हणून पंगतीत दुसरं. बाबांनी दोन्ही जेवून टाकली. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि प्रत्येक लग्नात मला म्हणायचे, "आज पन मारून टाक मना. जेवन चांगला हाय."

आता सांगते ती सगळी गोष्ट नव्वदच्या पुढची. तेव्हा आमच्या गावाभोवती नेरूळच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यात बाहेरचे लोक राहायला आले. एका सोसायटीत सबनीस म्हणून बँकेतले साहेब होते. त्यांना गाण्याचा नाद. कुठल्या तरी हळदीचा आवाज त्यांच्या गॅलरीत गेला आणि ते विचारत विचारत माझ्या दारात आले. हातात टेपरेकॉर्डर.

म्हणाले, "मावशी, तुमचं गाणं अगदी ब्लूजसारखं आहे."

मी म्हटलं, "ते काय असतं?"

त्यांनी सांगितलं, अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून नेलं होतं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची ही गाणी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. मला खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी हिराबायला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी तबकडी लावली. बाईचा आवाज होता, जाड, आमच्या हिरासारखा. भाषेचं एक अक्षर कळलं नाही. पहिली ओळ झाली. तीच पुन्हा आली. मी हिराला म्हटलं, "आता सांगनार बघ." आणि त्या बाईने सांगितलं. हिराने मांडीवर थाप मारली.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"तिचा नवरा तिला सोडून गेलाय."

"आणि तिसऱ्या ओळीत?"

"जाताना तिचे नवे बूट घेऊन गेलाय."

हे मला आवडलं. दुःख पहिल्या ओळीत असतं. दुसऱ्यात ते तेवढंच राहतं. तिसऱ्यात माणूस जरा बाजूला होऊन त्याच्याकडे बघतो, नाहीतर चारचौघांत म्हणायचं कशाला? आमच्यातही सासू मेल्याचं गाणं असंच आहे. तिसऱ्या ओळीत तिच्या कोंबड्या कोणाच्या ते ठरतं.

सबनीस म्हणाले, "ओळ दोनदा म्हणतात ती भावना खोल जावी म्हणून."

मी म्हटलं, "साहेब, हिरा दुसऱ्यांदा म्हणते तेवढ्यात मी मांडवात बघून घेते. मामा कुठे बसलाय, रुसलाय का, बरोबर काय आणलंय. त्यावर तिसरी ओळ होते. दुसरी ओळ नसती तर मी मेले असते."

 त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढे म्हणाले, की ते काळे गाणारेही तसंच करत असणार, कारण तेही जागच्या जागीच गाणी जुळवायचे. मी म्हटलं, असणारच. काम तेच आहे.

त्यांना अर्थाचा फार सोस होता. एका ओळीत हिरवी बांगडी पाण्यात पडल्याची गोष्ट आहे. ते विचारू लागले, "बांगडी म्हणजे तिचं कौमार्य का? पाणी म्हणजे काळ?" मी म्हटलं, "बांगडी म्हणजे बांगडी. मिठागरावर काम करताना हातातून सुटते. मग घरी शिव्या खाव्या लागतात." हिरा खाली मान घालून हसत होती. गाण्यात अर्थ असतो, पण तो बांगडीत नसतो. कोणत्या घरात, कोणासमोर म्हटलं, त्यात असतो. तेच गाणं बांगडी फोडून घेतलेल्या बाईसमोर म्हणा, मग अर्थ विचारावा लागत नाही.

मग त्यांनी टेप चालू केला आणि म्हणाले, म्हणा. मी म्हटलं, लग्न कुठाय? लग्नाशिवाय देव बोलावले तर देव येऊन विचारतील, नवरा कुठे? सबनीसांचं तोंड उतरलं. शेवटी मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला सोफ्यावर शेजारी बसवलं, दोघांची माहेरची-सासरची नावं विचारून घेतली आणि त्यांचंच लग्न पुन्हा लावलं. बाई आधी लाजून हसत होत्या. आईचं नाव आलं तेव्हा रडल्या. मांडवात रडणं होतंच, त्यात मी पडत नाही. साहेबांनी मात्र टेप बंद करायचं विसरून बायकोसाठी पाणी आणलं. तेवढं बरं केलं.

आता जी गोष्ट सांगायला बसले ती सांगते.

आमच्या आळीत धर्मा आणि काशिनाथ हे दोघे भाऊ. भिंतीला भिंत लागून घरं. धर्मा थोरला. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होता. शहर आलं तशी गावात सगळ्यांनी घरावर माळे चढवायला सुरुवात केली. धर्मानेही चढवला. वर जायला जिना हवा, तो त्याने बाहेरून काढला, आणि तो नेमका काशिनाथच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून गेला. खिडकीत अंधार. काशिनाथ म्हणाला, जिना काढ. धर्मा म्हणाला, तू खिडकी हलव. काशिनाथची बायको डाळ धुतलेलं पाणी पायऱ्यांवर टाकू लागली. धर्मा एकदा त्यावरून घसरला. तेव्हापासून तीन वर्षं दोघे एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते.

धर्माच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. वंदना तिचं नाव. सगळ्या घरांत पत्रिका गेल्या, भिंतीपलीकडे गेली नाही. हळदीच्या चार दिवस आधी वंदना माझ्याकडे आली. दारातच उभी.

"आत्या, माझ्या हलदीला काकाचं नाव घे."

"तुझ्या बापाला सांग."

"बापूस ऐकत नाय. बय रडते नुसती. काकाने मना सायकलवर शालेत नेलंय गो. बापूस शिफ्टला असायचा, बय आजारी. चार वर्षां नेलंय. तो नसला तर मी हलद लावून नाय घेनार."

"लावून घेनार नाय तर काय करशील?"

"पिवली नाय होनार. तशीच जाईन सासरी."

पोरगी बोलत होती ते उगाच नव्हतं. माझ्यासारखीच हट्टी. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी धर्मा आला. तो दारात उभा राहिला नाही, आत येऊन खाटेवर बसला.

"पोरगी आयलेली ना?"

"आयलेली."

"काशाचं नाव माज्या मांडवात नाय यायला पायजे. आलं तर..."

"तर काय?"

"तर बघ."

त्यालाही मी म्हटलं, बघू. आमच्या धंद्यात बघू हा शब्द फार कामाचा आहे. खरं सांगायचं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. धर्माचं घर मोठं, त्याच्या मागे पाच-सहा घरं, सगळ्यांच्या हळदी माझ्याकडे. आणि नाव घेतलं आणि काशिनाथ आला नाही तर पोरीचा आणखी अपमान. म्हातारपणी माणूस शहाणं होतं म्हणतात. मी फक्त भित्री झाले होते.

हळदीच्या दिवशी धर्माने हौसेने माइक आणला होता. घरावर भोंगा बांधलेला, तोंड हायवेकडे, म्हणजे सगळ्या नेरूळला कळावं. मला माइक आवडत नाही, घसा आपलाच आहे की नाही ते कळत नाही. पण धर्माने तो माझ्या पुढ्यात रोवला. काशिनाथचं दार बंद होतं. बंद असून काय उपयोग? भोंगा त्याच्या डोक्यावर होता.

दुपारचं ऊन उतरत होतं. वंदना पाटावर बसलेली, शेजारी परातीत हळद कालवून ठेवलेली. देव आले. मेलेले आले, सगळे खरोखरचे मेलेले. मामा आला, आत्या आली. आणि मग काकाची ओळ आली. ती टाळता येत नाही. तिच्याशिवाय पुढे हळदीला जाता येत नाही.

काकाच्या पाटावर गो कोन बसतंय,

मी म्हटलं. हिराने तीच ओळ घेतली. ती म्हणत असताना मी सवयीने समोर बघितलं. धर्मा खांबाजवळ हाताची घडी घालून उभा, डोळे माझ्यावर. वंदना मान खाली घालून बसलेली, पण कान माझ्याकडे. हिराची ओळ संपली. आता मी उत्तर द्यायचं.

आणि मला नाव घेववेना. ओळ गाळून पुढे जाववेना. मी पहिलीच ओळ पुन्हा टाकली.

काकाच्या पाटावर गो कोन बसतंय,

हिराने माझ्याकडे वळून बघितलं. पण ती मागची, तिचं काम मागे येणं. तिने घेतली. संपल्यावर मला कोपर मारलं, "अगो, सांग ना!" मी परत तीच ओळ टाकली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. बायकांच्या ध्यानात आलं. कोणी तरी तोंडाला पदर लावला. सहाव्या-सातव्या वेळी हिराबरोबर दहा-बाराजणी म्हणू लागल्या. मग सगळा मांडव. सगळे नुसतं विचारतायत, कोणी सांगत नाही. वर भोंगा तेच हायवेला विचारतोय.

"पुढं जा," धर्मा म्हणाला.

काकाच्या पाटावर गो कोन बसतंय.

"म्हातारे, पुढं जा सांगतोय! हलद सुकली."

खरंच सुकत चालली होती. वंदनाच्या आईने परातीत पाण्याचा हात मारला आणि तीही म्हणू लागली. नवऱ्याच्या तोंडासमोर. मला तिचं आश्चर्य वाटलं, ती बाई घरात मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

धर्मा तीन ढांगांत माझ्यापाशी आला. खाली वाकला. त्याला माझ्या कानात ओरडायचं होतं, पण मध्ये माइक होता.

"काशिनाथचं नाव या मांडवात कोनी घेनार नाय म्हंजे नाय!"

भोंग्याने ते जसंच्या तसं गावाला सांगितलं. पुरतं नाव. हायवेवरच्या रिक्षावाल्यांनी वर बघितलं असेल.

मला कळायला एक श्वास लागला. हिराला तेवढाही लागला नाही. इतक्या वर्षांत जी बाई कधी माझ्या पुढे गेली नव्हती तिने तोंड उघडलं आणि तिसरी ओळ दिली,

काशिनाथ काका बसतंय, भावाने हाक मारलंय.

मग काय विचारता! बायकांनी ती ओळ अशी उचलली की माझा आवाज मलाच ऐकू येईना. धर्मा वाकलेलाच होता. त्याला सरळ व्हायचं सुचेना.

शेजारचं दार उघडलं. काशिनाथ बाहेर आला, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"कोनी हाक मारली?" त्याने विचारलं.

शेवटी धर्माच बोलला.

"हाक नाय मारली. वैतागून बोललो."

"धवल्यात बोललास."

"हां. धवल्यात बोललो."

दोघा भावांनी पाटाकडे बघितलं. गावाचा नियम दोघांनाही लहानपणापासून माहीत. तो आता धर्माला मोडता येत नव्हता, आणि काशिनाथलाही नाही.

"मग बस," धर्मा म्हणाला. "उगाच उभा काय ऱ्हातोस?"

"शर्ट घालून येतो," काशिनाथ म्हणाला.

तो शर्ट घालून आला, केस ओले करून भांगही पाडून आला. पुतणीच्या गालाला त्याने हळद लावली तेव्हा वंदनाने त्याचा हात धरून ठेवला, सोडेना. बाकीच्यांना लावायला जागा मिळेना. पंगतीत काशिनाथ म्हणाला, मी जेवणार नाही, फक्त बसेन. बसला आणि तीनदा भात घेतला.

जिना तिथेच राहिला. काशिनाथने खिडकी दुसऱ्या भिंतीत पाडून घेतली आणि पाडताना धर्माने विटा उचलायला हात लावला. एवढ्यावर मी समाधान मानलं. गाण्याने जिना हलत नाही.

मला मात्र त्याची किंमत पडली. धर्मा माझ्याशी बोलायचा थांबला. भावाला आत घेतलं, त्याचा राग कुठे तरी काढायला हवा होता, तो माझ्यावर काढला. दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मला पत्रिका आली, पण पाहुणी म्हणून. धवल्याला बोलावलं नाही. तेव्हा हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या होत्या. ढोलकी, बँजो, बाईचा पातळ आवाज. धर्माने ती कॅसेट आणली होती. हिराला ताप होता, ती आली नाही. मी गेले. जाऊ नये असं वाटलं होतं, पण न जाऊन दाखवण्याइतकी मी मोठी नाही.

कॅसेट छान होती, खोटं कशाला बोलू? पोरं नाचत होती. मला पंगतीत पहिल्या रांगेत बसवलं. वाढणाऱ्या पोरी ओळखीच्या, त्यांनी वडे जास्त वाढले. मी जेवत होते आणि कान तिकडे होते. देव आले. मामा आला. कुठला मामा ते कॅसेटला माहीत नव्हतं. मग काकाची ओळ आली. ती बाई दोनदा विचारून तिसऱ्यांदा म्हणाली की काका आला. बस्स. काका. नाव नाही, गाव नाही. बँजो वाजला आणि ती पुढे गेली.

आणि कॅसेट बंद झाली. पोरं ओरडली. मला वाटलं लाइट गेली. बघते तर धर्माने स्वतः बटण दाबलेलं. पाटाजवळ काशिनाथ नवा शर्ट घालून उभा होता, आपल्याला बोलावलंय की नाही हे न कळल्यासारखा. धर्मा त्याच्याकडे बघत होता. मग पंगतीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हातारे, ऊठ."

"कशाला?"

"ती मशीन माज्या भावाचं नाव घेत नाय."

"तिला कसं माहीत असनार?"

"तेच सांगतोय. ऊठ. सगला मांडव थांबलाय."

मी त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षांनी बोलत होता आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. माझ्या पानात अजून दोन वडे होते.

"थांबू दे," मी म्हटलं, आणि जेवत राहिले.